आत्महत्या प्रतिबंध : संशोधन काय सांगते आणि सोलापुरात आपली नजर कोणावर पडत नाही

भीमाकाठ (धागाकर्ता)

सोलापूर जिल्ह्यात आत्महत्येचा विषय निघाला की बोलणे शेतकऱ्यापासून सुरू होते आणि बहुतेक वेळा तिथेच थांबते. शेतकऱ्याचे दुःख खरे आहे आणि त्यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. पण राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचा २०२२ चा अहवाल उघडला, तर देशात नोंदल्या गेलेल्या १,७०,९२४ आत्महत्यांपैकी २२,७४६ महाराष्ट्रातल्या, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक, असे दिसते. आणि त्याच अहवालात देशभरातील शेतकरी व शेतमजूर मिळून ११,२९० असताना, रोजंदारीवर जगणाऱ्यांचा वाटा एकूण संख्येच्या चौथ्या हिश्शाहून मोठा आणि गृहिणींचा सातव्या हिश्शाच्या आसपास आहे. शेतमजूर या रोजंदारीच्या सदरात धरलेले नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

सोलापूरकराने हे आकडे वाचले की त्याच्या डोळ्यांसमोर यंत्रमागावर आठवड्याच्या पगारावर राबणारा कामगार येतो, घरी बसून विड्या वळणारी बाई येते, ऊसतोडीचा हंगाम संपवून परतलेले आणि पुढच्या हंगामाची उचल आधीच खर्च करून बसलेले कुटुंब येते. यांच्यापैकी कोणीही ‘शेतकरी आत्महत्या’ या सदरात बसत नाही, आणि सदर नसले की योजनाही नसते. राज्य शासनाने २०१५ साली सुरू केलेल्या प्रेरणा प्रकल्पात आशा कार्यकर्तीने घरोघरी जाऊन नैराश्याची लक्षणे विचारावीत आणि गरजूला उपचारापर्यंत पोहोचवावे, अशी चांगली रचना होती. पण तो मराठवाडा आणि विदर्भातील चौदा जिल्ह्यांपुरता होता. धाराशिव त्यात होता, सोलापूर नव्हता. बार्शीहून पूर्वेकडे निघाले की ही हद्द लगेच ओलांडली जाते आणि तिच्या दोन्ही बाजूंना पाऊस तोच, कर्जही तेच.

धागा काढण्याचे कारण असे की, ‘जोखमीत असलेले लोक ओळखा आणि त्यांचे समुपदेशन करा’ हा सल्ला आपण सगळेच देतो, पण संशोधन पाहिले तर ओळखण्याचा भागच सर्वांत कच्चा आहे. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात पन्नास वर्षांतील ३६५ अभ्यास एकत्र तपासले गेले, आणि कोण आत्महत्या करील हे जोखमीच्या घटकांवरून सांगण्याची आपली क्षमता निव्वळ अंदाजापेक्षा फारशी बरी नाही, असा निष्कर्ष निघाला. याच्या उलट, एक गट असा आहे की जो शोधावा लागत नाही, तो स्वतःच रुग्णालयात आलेला असतो : ज्यांनी प्रयत्न केला आणि जे वाचले. पुढे आत्महत्येने मृत्यू होण्याच्या शक्यतेची जी सर्वांत ठळक खूण मानली जाते, ती आधीचा प्रयत्न हीच होय.

या गटावर जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत केलेला अभ्यास २००८ साली प्रसिद्ध झाला आणि त्यातले एक ठिकाण आपले चेन्नई होते. बाकीची ब्राझील, श्रीलंका, इराण आणि चीनमधली. १,८६७ जणांपैकी निम्म्यांना नेहमीचे उपचार मिळाले. उरलेल्यांशी घरी सोडण्याच्या सुमारास तासभर सविस्तर बोलणे झाले आणि पुढे अठरा महिन्यांत ठरलेल्या अंतराने नऊ वेळा फोन करून किंवा भेटून विचारपूस झाली. अठरा महिन्यांनी पाहिले तेव्हा पहिल्या गटात आत्महत्येने मृत्यू २.२ टक्के होते, दुसऱ्यात ०.२ टक्के. यात महागडे औषध नाही, यंत्र नाही. प्रशिक्षित माणसाने ठरलेल्या दिवशी फोन करायचा आहे.

माझे म्हणणे एवढेच की सोलापुरात काही सुरू करायचे असेल तर ते इथून करावे. आपल्याला काय वाटते? आणि हे वाचणाऱ्यांपैकी कोणी स्वतः अशा मनःस्थितीतून जात असेल, तर टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य दूरध्वनी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास विनामूल्य आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. चर्चा नंतरही वाचता येईल, फोन आधी करावा.

सुमेधा_पं

मी या जिल्ह्यातील एका रुग्णालयात परिचारिका आहे. कोणते ते लिहीत नाही, कारण मी जे सांगणार आहे ते कोणा एका ठिकाणचे नाही.

विषबाधेचा रुग्ण आला की पहिले दोन दिवस आम्ही सगळे त्याच्याभोवती असतो. नाडी, श्वास, सलाईन, रात्री दर तासाची नोंद. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तो उठून बसतो, वॉर्डात गर्दी असते, खाट रिकामी हवी असते आणि घरचे लोक ‘आता घरी नेतो’ म्हणतात. केसपेपरवर बहुधा ‘चुकून घेतले’ असेच लिहिलेले असते, कारण घरच्यांनी तसेच सांगितलेले असते आणि पोलिसांच्या जबाबातही तेच असते. मनोविकार विभागाला दाखवण्याची सूचना कार्डावर असते. पण तो विभाग दुसऱ्या इमारतीत, त्याची ओपीडी ठरावीक वारी, आणि रुग्णाला न्यायला आलेला जीपवाला बाहेर भाडे मोजत उभा. पोटाच्या तपासणीला पुन्हा येणारे लोक मनाच्या तपासणीला येत नाहीत, असा माझा अनुभव आहे.

आता फोनबद्दल, कारण सगळा भर त्यावर आहे. दाखल करताना आम्ही जो मोबाईल क्रमांक लिहून घेतो, तो आणणाऱ्या माणसाचा असतो. सासरी त्रास असलेल्या सुनेच्या कागदावर नवऱ्याचा किंवा दिराचा क्रमांक असतो. पंधरा दिवसांनी मी त्या क्रमांकावर फोन करून ‘ताई कशा आहेत’ विचारले, तर उत्तर ‘बऱ्या आहेत’ एवढेच येणार, आणि ते तिचे नसणार. विचारपुशीची पद्धत आणायची असेल, तर पहिला बदल त्या रकान्यात करावा लागेल : रुग्ण शुद्धीवर आल्यावर, नातेवाईक बाहेर असताना, ‘तुमच्याशी बोलायचे झाल्यास कोणत्या क्रमांकावर आणि किती वाजता’ असे तिलाच विचारून लिहायला हवे. काहींकडे स्वतःचा फोन नसतो. त्या माहेरच्या बहिणीचा, शेजारणीचा, क्वचित शाळेत जाणाऱ्या मुलाचा क्रमांक देतात. तो चालतो. तिने निवडलेला असला म्हणजे झाले.

संख्याशोधक

आकड्यांबाबत थोडी सावधगिरी बाळगावी, अशी विनंती. पाच देशांच्या त्या अभ्यासात मृत्यूंची एकूण संख्याच लहान होती, विसाच्या आसपास; आणि नऊ टक्क्यांच्या आसपास लोकांचा पुढे माग लागला नाही. जे हरवले ते कोणत्या अवस्थेत होते, हे आपल्याला कळत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, त्याच अभ्यासातील पुन्हा प्रयत्न करणाऱ्यांची आकडेवारी नंतर २०१० साली वेगळी प्रसिद्ध झाली, आणि त्यात दोन्ही गटांमध्ये प्रमाण जवळजवळ सारखेच, साडेसात टक्क्यांच्या आसपास होते. म्हणजे विचारपूस केल्याने मृत्यू घटले, पण पुन्हा होणारे प्रयत्न घटले नाहीत. याचा अर्थ नीट लावल्याशिवाय पुढे जाऊ नये.

भीमाकाठ

आपला मुद्दा मान्य आहे आणि तो मूळ लेखात यायला हवा होता इतका महत्त्वाचा आहे. मला त्याचा अर्थ असा वाटतो की फोनमुळे दुःख संपत नाही, संकटाची घडीही टळत नाही. पण त्या घडीला कोणाला सांगावे हे माणसाला ठाऊक असते आणि मदत लवकर पोहोचते. हा माझा अंदाज आहे, अभ्यासाने सिद्ध केलेली गोष्ट नव्हे. तरीही २०१७ साली निरनिराळ्या उपायांवरील चाचण्यांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा मृत्यू कमी करण्याच्या बाबतीत जे मोजके उपाय टिकले त्यांत ही पद्धत होती. पुरावा लहान आहे, पण इतर बहुतेक उपायांमागे तेवढाही नाही.

सुमेधाताई, क्रमांकाच्या रकान्याविषयी आपण जे लिहिले ते मी आतापर्यंत एकाही शोधनिबंधात वाचलेले नाही. ते अधिक सविस्तर लिहावे, ही विनंती.

कृषीसेवक_मोहोळ

माझे कृषी सेवा केंद्र आहे, त्यामुळे या विषयात मला बोलावेच लागेल. द्राक्ष आणि डाळिंबाच्या पट्ट्यात फवारणी हा रोजचा व्यवहार आहे. हंगामात उधारीवर औषध जाते, उरलेली बाटली शेतकरी घरी नेतो आणि ती कडब्याच्या खोलीत किंवा जनावरांच्या औषधांशेजारी फळीवर राहते. कोणी ती कुलपात ठेवत नाही, कारण पहाटे फवारायला निघताना किल्ली शोधायला वेळ नसतो. आम्ही दुकानदारांनी गावोगावी कुलपाच्या पेट्या वाटाव्यात, असा एक विचार मध्यंतरी आमच्यात निघाला होता. त्याचा उपयोग होईल का?

भीमाकाठ

पेट्यांचा प्रश्न आपण विचारलात हे फार बरे झाले, कारण यावर अगदी थेट पुरावा उपलब्ध आहे. श्रीलंकेत १८० गावांतील ५० हजारांहून अधिक घरांमध्ये याची चाचणी झाली : निम्म्या गावांत कुलपाच्या पेट्या दिल्या, निम्म्यांत नाही. २०१७ साली निकाल आला आणि दोन्हींत काही फरक दिसला नाही. किल्ली घरातच असते आणि जोखमीतला माणूस बहुधा तीच किल्ली वापरणारा घरधनी असतो. तमिळनाडूत एक वेगळा प्रयोग झाला. तिथे घरात काहीच न ठेवता गावच्या एका सामाईक कोठारात प्रत्येकाचा वेगळा कप्पा, आणि औषध घ्यायला-ठेवायला तिथल्या व्यवस्थापकाशी गाठ, अशी रचना होती. चेन्नईच्या ‘स्नेहा’ या आत्महत्या प्रतिबंधाचे काम करणाऱ्या संस्थेच्या संस्थापक डॉ. लक्ष्मी विजयकुमार त्या कामाशी संबंधित होत्या. त्या गावांत परिणाम आशादायक दिसला. पण गावे मोजकी चार, त्यांतली दोन तुलनेसाठी, म्हणून त्यावर फार मोठा निष्कर्ष बांधता येत नाही.

खरा परिणाम झाला तो बंदीचा. श्रीलंकेने १९८४ पासून टप्प्याटप्प्याने अतिविषारी कीटकनाशके बाजारातून काढली. १९९५ च्या सुमारास तिथले आत्महत्येचे प्रमाण जगातील सर्वाधिक प्रमाणांपैकी एक होते. पुढच्या वीस वर्षांत ते सुमारे ७० टक्क्यांनी उतरले आणि पिकांच्या उत्पादनाला त्याचा फटका बसल्याचे दिसले नाही. या काळातली बरीच वर्षे श्रीलंकेत यादवी युद्ध चालू होते, गरिबी होती, दारू होती. लोकांचे दुःख कमी झाले म्हणून मृत्यू घटले, असे तिथे कोणी म्हणू शकणार नाही. आत्महत्येची तीव्र ओढ बहुतेकांच्या बाबतीत थोड्या काळाची असते. त्या काळात हाताशी काय आहे, यावर जगणे-मरणे ठरते. म्हणून आपल्या दुकानात पेटी वाटण्यापेक्षा, त्याच किडीवर कमी विषारी पर्याय असेल तर तोच पुढे करणे आणि गरजेपुरतेच माप देणे, याने अधिक साधेल असे मला वाटते. भारतातही डिसेंबर २०२० अखेर काही अतिविषारी औषधांवर बंदी आली. शिल्लक माल गुपचूप विकला जाऊ नये, हे आपल्यासारखे जाणते दुकानदारच पाहू शकतात.

पूर्वभाग

आतापर्यंतची चर्चा वाचली. सोलापूर शहराच्या पूर्व भागात आमच्या घरी आई आणि मावशी दोघी विड्या वळतात, म्हणून त्या बाजूने लिहितो. कारखान्यातून पान-तंबाखू आणायचा, पान भिजवून कापायचे, घरकाम सांभाळून वळायचे आणि मोजून परत द्यायचे. त्यात काही विड्या नापास ठरतात आणि त्यांचे पैसे जातात. या बायकांची मान, पाठ आणि डोळे यांच्याविषयी आरोग्य शिबिरे होतात. झोप लागते का, हे मात्र शिबिरात कोणी विचारत नाही. घरात कर्ज असते ते बँकेचे नव्हे, गटाचे. आठवड्याला किंवा पंधरवड्याला हप्ता, वसुलीची बैठक कोणाच्या तरी ओसरीवर, आणि एकीचा हप्ता चुकला की तो बाकीच्या बायकांनी भरायचा. त्यामुळे ज्या शेजारणींजवळ मन मोकळे करायचे, त्यांचीच ती देणेकरी होते. हप्ता चुकवणारी बाई बैठकीच्या दिवशी घराचे दार लावून आत बसते, हे मी लहानपणापासून पाहत आलो आहे.

दुसरे म्हणजे भाषा. आमच्या घरातल्या वडीलधाऱ्या बायका बाजारात मराठी बोलतात, पण दुःख सांगायचे तर ते तेलुगूतच येते. अक्कलकोट बाजूच्या अनेकांचे तसेच कन्नडमध्ये. समुपदेशक मराठीच असेल तर ‘काही नाही, बरं आहे’ इतकेच उत्तर मिळेल. आणि एक प्रश्न स्पष्टच विचारतो : समुपदेशनाने हप्ता फिटतो का?

भीमाकाठ

हप्ता फिटत नाही, आणि तो फिटल्याशिवाय भागणारही नाही. हे संशोधनालाही मान्य आहे. इंडोनेशियात सरकारने गरीब कुटुंबांना थेट रोख मदत द्यायला सुरुवात केली आणि ती निरनिराळ्या भागांत निरनिराळ्या वेळी पोहोचली, त्यामुळे तुलना करता आली. जिथे मदत पोहोचली तिथे आत्महत्यांचे प्रमाण सुमारे १८ टक्क्यांनी घटलेले आढळले. म्हणजे पैशाची मदत हाही आत्महत्या प्रतिबंधच आहे. वसुलीची बैठक सार्वजनिक ओसरीवर न घेणे, चुकलेल्या हप्त्याची मुदत वाढवण्याचा मार्ग आधीच सांगून ठेवणे, या गोष्टींना मी मानसिक आरोग्याच्या यादीत वरचे स्थान देईन.

तरी बोलण्याचा उपयोग नाही, असेही समजू नये. अमरावती जिल्ह्यातील तीस गावांत ‘विश्राम’ नावाचा उपक्रम झाला. गावातल्याच सामान्य शिक्षण झालेल्या कार्यकर्त्यांना प्रशिक्षण देऊन, नैराश्याबद्दल गावात बोलायला लावले आणि गरजूला पुढच्या उपचाराशी जोडले. अठरा महिन्यांत, नैराश्य असलेल्यांपैकी उपचार घेणाऱ्यांचे प्रमाण ४.३ टक्क्यांवरून २७.२ टक्क्यांवर गेले. तुमच्या मुद्द्याच्या दृष्टीने त्यातली महत्त्वाची गोष्ट ही की बोलणारा माणूस गावचा होता, गावच्या बोलीत बोलत होता. पूर्व भागात हे काम तेलुगू बोलणाऱ्या बाईनेच करायला हवे. टेली मानसवरही अनेक भारतीय भाषांची सोय आहे, तेलुगू आणि कन्नड त्यांत आहेत. आईला आणि मावशीला हे अवश्य सांगावे.

शिक्षक_बार्शी

विद्यार्थ्यांविषयी अजून कोणी लिहिले नाही म्हणून विचारतो. आमच्याकडे एक प्रस्ताव आला आहे की सर्व शिक्षकांना एक दिवसाचे प्रशिक्षण देऊन जोखमीतील मुले ओळखायला शिकवावे. दुसरे म्हणजे, एक भीती पालक बोलून दाखवतात : मुलांशी या विषयावर बोलले तर नको ते त्यांच्या डोक्यात शिरेल.

भीमाकाठ

भीतीपासून सुरू करतो. थेट विचारल्याने विचार डोक्यात शिरतो का, हे अनेकदा तपासले गेले आहे, किशोरवयीन मुलांमध्येही. विचारल्याने धोका वाढल्याचे आढळलेले नाही, उलट आधीच त्रासात असलेल्यांना थोडे हलके वाटल्याचे दिसते. शिक्षकांच्या प्रशिक्षणाबद्दल सांगायचे तर, युरोपातील दहा देशांत १६८ शाळांमध्ये ११ हजारांहून अधिक मुलांवर तीन पद्धतींची तुलना झाली आणि २०१५ साली निकाल प्रसिद्ध झाला. शिक्षकांना ओळखायला शिकवणे, तज्ज्ञांनी मुलांची चाचणी घेणे, आणि मुलांनाच काही तासांच्या सत्रांतून आपल्या व मित्राच्या मनाविषयी बोलायला, भूमिका करून पाहायला लावणे, अशा त्या तीन पद्धती होत्या. वर्षभरानंतर आत्महत्येचे प्रयत्न जवळपास निम्म्याने कमी झालेले दिसले ते केवळ तिसऱ्या पद्धतीत. गुरुजी, मूल सर्वांत आधी सांगते ते बाकावरच्या मित्राला. त्या मित्राने ते पोटात ठेवायचे की मोठ्या माणसाकडे न्यायचे, हे त्याला कोणी तरी शिकवायला हवे. प्रस्ताव नाकारू नये, पण शिक्षकांचा एक दिवस भरला म्हणजे झाले, असे मानू नये.

विधिज्ञ_सो

सुमेधाताईंनी ‘चुकून घेतले’ असे लिहिले जाते म्हटले, त्याचे मूळ कायद्याच्या भीतीत आहे आणि ती भीती आता जुनी झाली आहे. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याच्या कलम ११५ नुसार आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती, असेच उलट सिद्ध होत नाही तोवर गृहीत धरायचे असते आणि तिला शिक्षा करायची नसते. इतकेच नव्हे, तर तिची काळजी, उपचार आणि पुनर्वसन ही शासनाची जबाबदारी ठरवली आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, तिच्यात आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारे भारतीय दंड संहितेतले जुने कलम ३०९ ठेवलेलेच नाही. लोकसेवकाला काही करण्यास भाग पाडण्यासाठी किंवा कर्तव्यापासून रोखण्यासाठी केलेला प्रयत्न कलम २२६ खाली येतो, तेवढा अपवाद. रुग्णालयाने पोलिसांना कळवण्याची पद्धत चालू राहील, पण कळवणे म्हणजे गुन्हा दाखल होणे नव्हे. ‘प्रयत्न करणाऱ्याला शिक्षा नाही’ आणि ‘कळवणे म्हणजे गुन्हा दाखल होणे नव्हे’ ही दोन वाक्ये मराठी, तेलुगू आणि कन्नडमध्ये छापून अपघात विभागाच्या भिंतीवर लावली, तर खरे कारण सांगणाऱ्यांची संख्या वाढेल असे मला वाटते.

सुमेधा_पं

वकीलसाहेब, तो मजकूर कृपया लिहून द्यावा. तेलुगू ‘पूर्वभाग’ यांनी तपासावे, कन्नडसाठी आमच्या वॉर्डातील एक सहकारी आहेत. भिंतीवर काही लावायचे तर वरिष्ठांची परवानगी लागते, ती मी मागते. घरी सोडण्याच्या कार्डावरही दोन ओळींना जागा आहे : एकीत रुग्णाने स्वतः दिलेला क्रमांक आणि वेळ, दुसरीत पहिल्या फोनची तारीख. पहिला फोन आठवड्याच्या आत व्हावा, असे माझे मत आहे, कारण घरी गेल्यानंतरचे सुरुवातीचे दिवस सर्वांत अवघड असतात. घर तेच असते आणि आता सगळ्यांना ठाऊक झालेले असते. फोन कोणी करायचा, हे अजून ठरवायचे आहे. परिचारिकांवर कामाचा बोजा आहे, समाजसेवा अधीक्षकांकडेही वेळ कमी आहे. शहरात समाजकार्याचे शिक्षण घेणारे विद्यार्थी आहेत. प्रशिक्षण आणि देखरेखीखाली ते हे करू शकतील का, यावर इथल्या प्राध्यापकांनी लिहावे.